रुग्णाची गोष्ट रुग्णाचीच

वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे गाव आहे. पुण्यापासून अंतर शंभर किलोमीटरच्याही आत, पण पावसाळ्यात ते दुप्पट वाटावे असा हा सह्याद्रीच्या माथ्यालगतचा भाग. आजूबाजूला लहान गावे, वाड्या, धनगरवस्त्या. सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. कोणाच्या दारात जीप थांबली, कोण कुठे उतरले, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. अडीअडचणीला माणसे धावून येतात ती या ओळखीमुळेच. आजारी माणसाला मात्र हीच ओळख कधी कधी जड जाते.

अशा एखाद्या गावातल्या बाईच्या अंगावरून पांढरे जाते आहे, ओटीपोटात दुखते आहे, असे समजा. घरचे काम उरकून, सासूला काहीतरी कारण सांगून ती दवाखान्यात येते. रांगेत पुढे तिच्याच वाडीतला चुलत दीर, मागे शेजारीण. टेबलाशी पोचल्यावर पांढऱ्या कोटातला तरुण डॉक्टर मान वर न करता मोठ्याने विचारतो, ‘काय होतंय?’ ती म्हणते, ‘अंग दुखतंय.’ दोन दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या घेऊन ती परत जाते. नोंदवहीत ‘अंगदुखी’ अशी नोंद होते. डॉक्टरने चुकीचे औषध दिले असे म्हणता येणार नाही. त्याला जे सांगितले गेले त्यावर त्याने औषध दिले. खरा आजार मात्र आला तसाच घरी गेला.

हे चित्र कुठल्या एका केंद्राचे नाही. ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला किंवा परिचारिकेला ते ओळखीचे वाटेल. आपल्याच राज्यातल्या एका अभ्यासाने या न सांगितलेल्या आजारांचे मोजमाप जगापुढे ठेवले होते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक किंवा अधिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. आजार घरोघर होते, पण ते बोलून दाखवता येतील अशी जागा आणि विश्वास वाटेल असे माणूस नव्हते. या अभ्यासाला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली. रस्ते आले, मोबाइल आले, उपकेंद्रांची ‘आयुष्मान आरोग्य मंदिरे’ झाली. रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईची अडचण मात्र अजून सुटलेली नाही.

म्हणून भावी डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना रुग्णाशी बोलायला आणि त्याची गोष्ट स्वतःपाशी ठेवायला आपण कसे शिकवतो, हा निदान आणि उपचारांशी थेट जोडलेला प्रश्न आहे. त्याकडे केवळ सौजन्याचा भाग म्हणून पाहून चालणार नाही.

अभ्यासक्रमात आले, अंगवळणी पडले का?

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात याबाबतीत मोठा बदल झाला तो २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या प्रवेशांपासून देशभर कौशल्याधारित अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यासोबत ‘एटकॉम’ हा भाग आला. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद या तीन गोष्टींसाठीच्या इंग्रजी शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये त्यासाठी २७ पाठांची पुस्तिका काढली. रुग्ण असणे म्हणजे काय, डॉक्टर असणे म्हणजे काय, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, गुपित कधी राखावे, असे विषय त्यात आले. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांना हे कोणी शिकवलेच नव्हते. वरिष्ठांच्या मागे वॉर्डात फिरताना जे दिसेल ते उचलायचे, एवढेच. वरिष्ठ प्रेमळ असेल तर शिष्य नशीबवान.

त्यामुळे हा बदल स्वागतार्हच होता. आता पाहायचे ते एवढेच की हा विषय विद्यार्थ्याच्या अंगी किती मुरतो. संवाद हे पोहण्यासारखे कौशल्य आहे, पाण्यात उतरल्याशिवाय ते येत नाही. दीडशे-दोनशे मुलांच्या वर्गात पडद्यावर चित्रफिती दाखवून ‘सहानुभूती’ची व्याख्या सांगता येते. लेखी परीक्षेत त्यावर चार मुद्दे लिहूनही घेता येतात. पण तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेल्यावर काय पाहतो? एका खाटेभोवती दहा-पंधरा जण उभे. रुग्णाला न विचारता पांघरूण बाजूला केले जाते. त्याचा उल्लेख ‘सात नंबरची केस’ असा होतो. त्याच्या आजारावर त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत चर्चा चालते आणि त्या चर्चेतला ‘कॅन्सर’ हा एक शब्द त्याला नेमका कळतो. मग तो दिवसभर छताकडे बघत पडून राहतो आणि संध्याकाळी आलेल्या बायकोला काही सांगत नाही. वर्गातल्या दहा तासांपेक्षा वॉर्डातली ती दहा मिनिटे विद्यार्थ्याला अधिक शिकवून जातात, आणि ती नेमके उलटे शिकवतात.

हे टाळायला पैसा लागत नाही. ‘काका, ही मुले डॉक्टर व्हायला शिकताहेत. त्यांनी तुम्हाला तपासले तर चालेल का? नको असेल तर तसे सांगा, उपचारात काही फरक पडणार नाही,’ हे वाक्य शिक्षकाने प्रत्येक खाटेपाशी उच्चारले, तर संमतीचा अर्थ विद्यार्थ्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.

मराठीतून विचारायचे म्हणजे काय

पासलीसारख्या ठिकाणी नेमणूक झालेला नवा डॉक्टर पुण्या-मुंबईतला असेल, मराठवाड्यातला असेल किंवा परराज्यातलाही असेल. पुस्तकातली लक्षणे त्याला पाठ असतात. समोरचे माणूस मात्र पुस्तकातल्या शब्दांत बोलत नाही. ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंग मोडून येतंय’, ‘डोकं जड झालंय’, ‘पोटात कळ येते’, ‘बरगडीत चमक भरते’, अशी ही भाषा. ‘जीव घाबरा’ होण्यामागे रक्ताची कमतरता असेल, हृदयविकार असेल, नाहीतर कर्जाची किंवा मुलीच्या लग्नाची चिंताही असेल. यातले काय, हे पुढच्या दोन-तीन प्रश्नांतून कळते. ते प्रश्न मराठीतून विचारता यायला हवेत आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबताही यायला हवे.

आपले शब्दही रुग्णापर्यंत आपल्याला वाटतात तसेच पोचतात असे नाही. साखर तपासायला ‘उपाशीपोटी या’ असे सांगितले की कित्येक जण सकाळचा चहा घेऊन येतात. जेवण केलेले नसते, त्यामुळे त्यांच्या लेखी ते उपाशीच असतात. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून कोणाला हायसे वाटते, कारण पॉझिटिव्ह म्हणजे चांगले असे त्याने ऐकलेले असते. ‘गोळी बंद करू नका’ असे बजावलेले असते, पण रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हटल्यावर ती बंद होते. बरे झाल्यावर औषध कशाला, हा त्यामागचा सरळ हिशेब.

यावर जगभर शिकवला जाणारा एक साधा उपाय आहे. सांगून झाल्यावर रुग्णालाच विचारायचे, ‘मी नीट सांगितले की नाही हे मला कळायला हवे. घरी गेल्यावर तुम्ही या गोळ्या कशा घ्याल, ते मला सांगा बरे.’ ‘समजले का?’ असे विचारले तर मान हलते आणि ‘हो’ येते, कारण डॉक्टरसमोर ‘नाही’ म्हणणे अवघड. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितले की कुठे चुकते आहे ते लगेच दिसते. परीक्षा रुग्णाची नसून आपल्या सांगण्याची आहे, हे विद्यार्थ्याला यातून उमगते.

संबोधनाचेही तसेच. शहरातून आलेल्या, चांगले कपडे घातलेल्या माणसाला ‘सर’ आणि ‘तुम्ही’, आणि साठीच्या कातकरी बाबांना ‘काय रे, काय होतंय तुला?’ हे अनेक दवाखान्यांत कानावर पडते. बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो, तरी ऐकणाऱ्याला आपली पायरी कळते. त्या माणसाने पुढे आपले दारूचे किंवा उपासमारीचे खरे सांगावे, ही अपेक्षा मग कशी धरायची? ‘आजी’, ‘बाबा’, ‘मावशी’, ‘दादा’ आणि सोबत ‘तुम्ही’, एवढे शिकवायला पाठ्यपुस्तक लागत नाही. ते तपासणीचा भाग म्हणून गुणांत धरले गेले पाहिजे.

गुपित कोणाचे, कोणापासून?

दवाखान्यात कळलेली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा दंडक आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या विद्यार्थ्याला दीक्षा देताना, रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर जाऊ देऊ नयेत, असा उपदेश आहे. ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही हेच वचन आहे. आजच्या कायद्यानेही ते उचलले आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाचे गुपित न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार, एवढेच अपवाद सोडून उघड करता येत नाही. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या परवानगीविना छापता येत नाही. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आरोग्याबाबत त्याच वर्षीच्या कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्त्रीचे नाव आणि तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आहे.

कायद्याची ही यादी विद्यार्थी पाठ करतो. पण लहान गावातला प्रश्न यादीत बसत नाही. शहरात रुग्णाचे गुपित अनोळखी लोकांपासून राखायचे असते. पासलीसारख्या गावात ते त्याच्या ओळखीच्या माणसांपासून राखावे लागते, आणि ती माणसे दवाखान्यातही असतात. आशाताई त्याच वाडीच्या. शिपाई शेजारच्या गावचा. रुग्णवाहिकेचा चालक कोणाचा तरी मेव्हणा. सूनबाईसोबत सासू आलेली असते आणि सगळी उत्तरे तीच देते. यातले कोणी वाईट हेतूने बोलत नाही. ‘अमक्याच्या पोरीला दवाखान्यात पाहिलं, काय झालंय गं तिला?’ या प्रश्नात काळजीच असते. उत्तर दिले की ती गोष्ट गावाची होते.

या प्रसंगांचा सराव करून घ्यायला हवा. सासूला न दुखावता बाहेर कसे थांबवायचे? ‘आम्ही तपासणी करताना प्रत्येक बाईला थोडा वेळ एकटीलाच भेटतो, तुम्ही पाच मिनिटे बाहेर बसा,’ असा सर्वांना सारखा नियम सांगितला की कोणाला अपमान वाटत नाही. ‘काय झालंय तिला?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? ‘ते तिलाच विचारा, मला सांगता येत नाही,’ हे हसून म्हणायला शिकावे लागते. अविवाहित मुलगी पोटदुखी घेऊन आली तर पाळीची तारीख कोणासमोर विचारायची आणि कोणासमोर नाही? पुरुष डॉक्टरने स्त्रीला तपासताना परिचारिकेला सोबत ठेवायचे, ते कशासाठी? वर्गात एकाने रुग्ण, एकाने सासू आणि एकाने डॉक्टर होऊन हे प्रसंग चार वेळा केले की प्रत्यक्षात जीभ अडखळत नाही.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. २०१२ पासून सरकारी आणि खासगी डॉक्टरांनी त्याची नोंद शासनाकडे करायची आहे. पण शासनाला कळवणे म्हणजे गावाला कळवणे नव्हे, हा फरक प्रत्येक विद्यार्थ्याला स्पष्ट असायला हवा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ योजनेत क्षयरुग्णांना पोषण आहार देणारे दाते पुढे आले, हे चांगलेच झाले. मात्र शिधा देतानाचे छायाचित्र जेव्हा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते, तेव्हा त्या रुग्णाच्या बहिणीचे जमत आलेले लग्न अडू शकते. पुढचा खोकणारा माणूस मग तपासणीलाच येत नाही. गुपित फुटल्याची किंमत अशी सगळ्या गावाच्या आरोग्याला मोजावी लागते.

मोबाइलने ही जोखीम कितीतरी वाढवली आहे. एक्स-रेचा फोटो काढून वरिष्ठांचा सल्ला घेणे दुर्गम भागात उपयोगाचे आहे, कित्येकदा त्यानेच जीव वाचतो. पण त्या फोटोवर नाव राहिले, तो पन्नास जणांच्या गटावर टाकला किंवा गंमत म्हणून ‘स्टेटस’ला ठेवला, तर तो परत घेता येत नाही. दूरस्थ सल्ल्याच्या वेळी पडद्यावर तज्ज्ञ दिसतात, पण खोलीत दार उघडे ठेवून आणखी चार जण बसलेले असतात. नाव झाका, चेहरा टाळा, रुग्णाला विचारा, काम झाले की फोटो पुसा, हे चार नियम इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजेत.

‘एवढा वेळ कुठे आहे?’

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी, त्यात लसीकरण, बाळंतपणे, शवविच्छेदन, बैठका आणि ऑनलाइन नोंदी. एक-दोन डॉक्टरांनी प्रत्येकाशी निवांत बोलायचे कधी?

आक्षेप खरा असला तरी त्यातला एक समज तपासून पाहण्यासारखा आहे. रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही, असे डॉक्टरांना वाटते. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचे बोलणे तोडतात असे दिसले. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी उलटे करून पाहिले. डॉक्टरांना मध्ये न बोलता ऐकायला सांगितले. रुग्ण आपणहून सरासरी ९२ सेकंदांत थांबले आणि चारांपैकी तिघांहून अधिक जणांचे म्हणणे दोन मिनिटांत संपले. आपल्याकडची गर्दी तिथे नव्हती, हे मान्य. तरीही दीड मिनिट ऐकून एकदाच योग्य निदान झाले, तर त्याच दुखण्यासाठी पुढच्या चार खेपा वाचतात. त्या बाईची मजुरी वाचते आणि डॉक्टरचा वेळही वाचतो.

वेळेची तंगी हे आवाज मोठा ठेवण्याचे, पडदा न ओढण्याचे किंवा ‘तू’ म्हणण्याचे कारण मात्र होऊ शकत नाही. त्याला जास्तीची मिनिटे लागत नाहीत.

करता येण्यासारखे

पहिली गोष्ट, परीक्षा बदलावी. प्रात्यक्षिक परीक्षेत हृदयाचे ठोके ऐकण्याला जसे गुण असतात, तसे रुग्णाशी बोलण्याला, संमती घेण्याला आणि पडदा ओढण्याला असावेत. त्यात नापास झालेल्याला पुन्हा बसावे लागेल, असा नियम असेल तरच विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही ते मनावर घेतील. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग असे सगळे अभ्यासक्रम येतात. सर्वांसाठी समान किमान कसोटी ठरवणे या विद्यापीठाला शक्य आहे.

दुसरी, शिक्षण खेड्यात न्यावे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरासाठी मुक्काम करते आणि पुढे नियमित जात राहते. ही परंपरा अनेक दशकांची आहे. २०२२ पासून देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा कार्यक्रम सुरू झाला. तो केवळ रक्तदाब मोजून तक्ते भरण्यात संपू नये. ज्या घरातला चहा आपण घेतला, त्या घरातली गोष्ट बाहेर सांगायला जीभ वळत नाही. गोपनीयतेचा याहून चांगला पाठ वर्गात मिळणे कठीण.

तिसरी, सगळ्यांना एकत्र शिकवावे. वाडीवरच्या रुग्णाची पहिली भेट आशाताईंशी, एएनएमशी किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी होते. पुढे प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि औषध देणारा असतो. डॉक्टरने गुपित राखले आणि औषधाच्या खिडकीतून ‘ही टीबीची गोळी कोणाची?’ अशी हाक आली, तर सारे व्यर्थ. केंद्रातल्या साऱ्यांनी, शिपाई आणि चालकांसह, महिन्यातून एकदा तासभर बसून अशा प्रसंगांवर बोलावे.

चौथी, जागा पाहावी. रांग टेबलापासून चार पावले मागे ठेवणारी एक पांढरी रेघ, तपासणीच्या खाटेला पडदा, बंद होणारे दार आणि नोंदवही उलटी ठेवण्याची सवय. यातल्या बऱ्याच गोष्टी केंद्राला मिळणाऱ्या किरकोळ निधीतून होऊ शकतात. ज्या खोलीत आडोसाच नाही, तिथे गोपनीयतेचे प्रशिक्षण देऊन काय साधणार?

आणि शेवटची गोष्ट गावकऱ्यांची. ‘डॉक्टर, मला एकटीला बोलायचे आहे,’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा औषधांचा साठा आणि डॉक्टरांची हजेरी यांच्यासोबत पडदा आहे का, हेही विचारले जावे.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईला पुढच्या वेळी टेबलाशी आल्यावर कोणीतरी मान वर करून म्हटले, ‘ताई, आत चला, दार लोटून घेते, मग सांगा,’ तर ती कदाचित खरे काय ते सांगेल. उपचार तिथून सुरू होतील. हे म्हणणारी तरुण मुलगी आज पुण्यातल्या कुठल्यातरी महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकत असेल. तिला हे शिकवायची वेळ हीच आहे.